रिसीव्हरचे दोन चॅनेल रिकामे आहेत, ते फ्रंट स्पीकरला जोडले तर पॉवर दुप्पट होते का?

विजापूर रोडच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे ७.२ चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफर जोडता येणारा, एव्ही रिसीव्हर आहे, कागदावर प्रत्येक चॅनेलला ८० वॅट. हॉल १२ बाय १८ फूट. पाच स्पीकर आणि एक सबवूफर लावलेला, म्हणजे सातपैकी दोन चॅनेल नुसतेच बसून. फ्रंटच्या टॉवर स्पीकरच्या पाठीला दोनाऐवजी चार टर्मिनल आहेत. दुकानदार म्हणाला, ‘बाय-ॲम्प करा साहेब, एकेका स्पीकरला दोन-दोन चॅनेल जोडा, ८० आणि ८० मिळून १६०, आवाज डबल.’ शिवाय घरात एक जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर धूळ खात पडलाय, तोही यात कुठे बसेल का, असं त्यांना विचारायचंय.

साहेब, तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता एक गोष्ट लिहिलीत: ‘सिनेमात मारामारी सुरू झाली की आवाज फाटल्यासारखा होतो आणि एरवी संवाद नीट कळत नाहीत.’ माझ्या मते खरा प्रश्न तो आहे. बाय-ॲम्प हे दुकानदाराने त्यावर सुचवलेलं औषध, आणि आजार न बघता दिलेलं.

मी सोलापुरात तीसेक वर्षं ॲम्प्लिफायर दुरुस्ती करतो आणि लोकांच्या घरी साउंड बसवून देतो. सुरुवात २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोडीवर हाताने जोडलेल्या ॲम्प्लिफायरपासून केली, मग एसटीके आयसीचे दिवस आले, आता रिसीव्हर आणि क्लास डीचे बोर्ड. इतक्या वर्षांत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकलाय. उत्तर आधी देऊन टाकतो: जोडता येतील. एक गोष्ट पाळलीत तर काही जळणार नाही. पण पॉवर दुप्पट होणार नाही, आणि तुमच्या दोन तक्रारींपैकी एकीला तर या जोडणीचा स्पर्शही होणार नाही. सिनेमातले संवाद बहुतांश मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. बाय-ॲम्प तुम्ही करणार डाव्या-उजव्या टॉवरला. डोकं दुखतंय म्हणून गुडघ्याला बाम लावल्यासारखं होईल.

आता दुप्पट का होत नाही ते. ८ ओहमच्या स्पीकरला ८० वॅट म्हणजे टर्मिनलवर साधारण २५ व्होल्ट. ॲम्प्लिफायरच्या आत ठरावीक व्होल्टेजचा सप्लाय असतो, सिग्नल त्याला टेकला की त्याचा माथा कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आपण ‘आवाज फाटला’ म्हणतो. बाय-ॲम्प केल्यावर खालच्या टर्मिनलला एक चॅनेल जातो, वरच्या टर्मिनलला दुसरा. पण रिसीव्हर दोघांनाही तोच पूर्ण सिग्नल देतो, कारण बेस आणि ट्रेबल वेगळं करणारा क्रॉसओव्हर स्पीकरच्या पोटात, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पुढे आहे. ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरच्या, बाजूचा चॅनेल बेसचे व्होल्टही उचलतच असतो, फक्त त्या बेसचा करंट त्याच्यातून जवळपास वाहत नाही. म्हणून बेस वाजवणाऱ्या वूफरचा चॅनेल ज्या क्षणी वर टेकतो, त्याच क्षणी ट्वीटरचाही टेकतो. एका छताखाली एका माणसाऐवजी दोन माणसं उभी केली, म्हणून छत वर सरकत नाही.

शिवाय ट्रान्सफॉर्मर दोघांत एकच. सोलापूरकराला हे समजवायला फार बोलावं लागत नाही. पाणी काही दिवसांआड येतं, टाकीत जेवढं साठवलं तेवढंच. नळ दोन बसवले म्हणून टाकी मोठी होत नाही. तुमच्या रिसीव्हरच्या पाठीवर वीज किती लागते त्याची पट्टी असेल, ती वाचा. सात चॅनेल गुणिले ८० म्हणजे ५६० वॅट बाहेर काढायचे, तर क्लास एबीच्या, म्हणजे बरीच वीज उष्णतेत घालवणाऱ्या नेहमीच्या जातीच्या, ॲम्प्लिफायरला आत त्याहून कितीतरी जास्त घ्यावे लागतील. पट्टीवर बहुधा तेवढेही लिहिलेले नसतात. तो आकडा ठरावीक चाचणीचा असतो, कमाल मर्यादा नव्हे, हे खरं. तरी अंदाज येतो. कागदावरचे ८० वॅटही ‘दोनच चॅनेल चालू असताना’ मोजलेले असतात, बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल. खोक्यावर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो तो बऱ्याचदा ६ ओहमला, एकच चॅनेल चालवून मोजलेला. तो वाचून सोडून द्यायचा.

समजा, चमत्कार झाला आणि खरंच १६० वॅट मिळाले. तरी हाती काय लागलं? पॉवर दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. ३ डेसिबल म्हणजे ‘हां, थोडा वाढला’, इतकंच.

तुमच्याच हॉलचा हिशोब मांडू. टॉवरची सेन्सिटिव्हिटी तुम्ही ८८ डेसिबल लिहिलीय, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८८. तुम्ही बसता दहा फुटांवर, साधारण ३ मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतराला साडेनऊ डेसिबल कमी झाले असते. बंद खोलीत भिंती आवाज परत देतात, म्हणून सहाच्या आसपास धरू. दोन टॉवर मिळून तीन परत आले. झाले ८५, फक्त १ वॅटला! ८० वॅट म्हणजे त्याच्या वर १९ डेसिबल, म्हणजे १०४. सिनेमा थिएटरमध्ये एका मुख्य चॅनेलचा कमाल धक्का १०५ डेसिबल धरून सगळं जुळवलेलं असतं, आणि घरी त्या आवाजात सिनेमा बघणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. वरच्या मजल्यावरचे लोक भेटू देणार नाहीत. तेव्हा तुम्हाला वॅट कमी पडत नाहीत.

विश्वास बसत नसेल तर मीटर लावून बघा. शंभर-दोनशे रुपयांचा मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा, त्याच्या दोन पिना सिनेमा चालू असताना टॉवरच्या लाल-काळ्या टर्मिनलला टेकवा, दोन्ही पिना एकमेकींना लागू देऊ नका. रोजच्या आवाजावर काटा, म्हणजे आता आकडाच, एक ते तीन व्होल्टमध्ये नाचताना दिसेल. ८ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट. असला मीटर संगीताचे क्षणिक धक्के पकडत नाही, आणि ते धक्के सरासरीच्या शंभरपटही जाऊ शकतात. पण पॉवर कुठे खर्च होते आणि कुठे नुसती राखीव असते, हे डोळ्यांना दिसतं. ही चाचणी मी ग्राहकाच्या हातात मीटर देऊन करून घेतो. नंतर वॅटवरून कोणी वाद घालत नाही.

आणखी एक गंमत. पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना संध्याकाळी मी घरातल्या प्लगला २०० व्होल्ट पाहिलेले आहेत. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरमध्ये बाहेरचा व्होल्टेज पडला की आतलाही त्याच प्रमाणात पडतो, आणि पॉवर वर्गाच्या प्रमाणात. २३० चे २०० झाले की ८० वॅटचे ६० राहतात. पाव पॉवर गायब! त्या घरातल्या एकानेही मला कधी ‘आज आवाज कमी आला’ म्हणून फोन केला नाही.

मग काहीच फायदा नाही का? परिस्थितीवर आहे. हॉल २० बाय ३० चा असेल, स्पीकर ८४ डेसिबलचे आळशी असतील, त्यांचा ओहम मध्येच तीनपर्यंत खाली जात असेल, आणि दोन चॅनेल एकाच रिसीव्हरचे नसून दोन स्वतंत्र पॉवर ॲम्प्लिफायर असतील, तर वूफरच्या ओढीने ट्वीटरचा सप्लाय हलत नाही, एवढा फायदा मानायला मी तयार आहे. पण त्या माणसालाही मी सांगेन की दोन मध्यम ॲम्प्लिफायर घेण्यापेक्षा एक दांडगा घे.

जुळे सोलापूरला एका डॉक्टरांकडे मी त्यांच्याच हट्टाने बाय-ॲम्प करून दिलं होतं. खूश झाले. ‘पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय.’ मला शंका आली, कारण जोडणी बदलल्यावर मी माइक लावून रिसीव्हरचं ऑटो सेटिंग पुन्हा चालवलं होतं. मेन्यूत बघितलं तर फ्रंटची लेव्हल आधीपेक्षा दीड डेसिबल वर बसलेली. ती जुन्या आकड्यावर आणली, मग त्यांना सोफ्यावर पाठ करून बसवलं, आणि मुलाच्या मदतीने कधी स्पीकरचे वरचे-खालचे टर्मिनल जोडणाऱ्या पट्ट्या लावून साधी जोडणी, कधी बाय-ॲम्प, असं सात-आठ वेळा बदललं. त्यांना ओळखता आलं नाही. मलाही आलं नाही, हे कबूल करतो. थोडा जास्त आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ आवाज वाटतो. दुकानातला अर्धा धंदा त्याच्यावर चालतो.

एवढं वाचूनही तुम्हाला करून बघायचं असेल तर करा, वायरचे दोन तुकडे सोडले तर खर्च काही नाही. पण मघाशी म्हटलं ती एक गोष्ट पाळायची. स्पीकरच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलना जोडणाऱ्या ज्या पितळी पट्ट्या असतात, लालला लाल आणि काळ्याला काळी, त्या चारही, म्हणजे दोन्ही स्पीकरच्या, आधी काढायच्या. त्या तशाच राहिल्या तर ॲम्प्लिफायरचे दोन आउटपुट एकमेकांवर थेट आदळतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अशोक चौकाकडे एका यंत्रमागवाल्यांच्या बंगल्यावर दोन वेगळे ॲम्प्लिफायर घेऊन बाय-ॲम्प करत होतो. डाव्या स्पीकरच्या पट्ट्या काढल्या. तेवढ्यात चहा आला. चहा पिऊन उजव्याच्या वायरी थेट कसल्या आणि चालू केलं. डावा छान वाजला. उजव्यातून एक ‘भुम्म’, मग शांतता, मग तो वास. ज्याने एकदा आउटपुट ट्रान्झिस्टर जाळलाय त्याला तो वास जन्मभर ओळखू येतो. दोन्ही ॲम्प्लिफायरची वाढ, म्हणजे सिग्नल किती पटीने मोठा करतात ते, वेगवेगळी होती, त्यामुळे जास्तीच्या व्होल्टवाला दुसऱ्याच्या पोटात करंट कोंबत बसला. मालक एक शब्द बोलले नाहीत. दुसरा चहा पाजला, आणि पुढची दोन वर्षं बोलावलं नाही.

म्हणून आता मी पट्ट्या काढल्यावर मीटर बीपवर ठेवून वरच्या लालला आणि खालच्या लालला टेकवतो. बीप वाजता कामा नये. काळ्यांचंही तसंच. मग ॲम्प्लिफायर बंद असतानाच वायरी: फ्रंटच्या टर्मिनलमधून स्पीकरच्या एका जोडीला, सराउंड बॅकच्या, म्हणजे त्या रिकाम्या चॅनेलच्या, टर्मिनलमधून दुसऱ्या जोडीला. कोणती कुठे ते तुमच्या पुस्तिकेत चित्रासकट असतं. आणि मेन्यूत जाऊन सांगायला विसरू नका. डेनॉनमध्ये ‘ॲम्प असाइन’ आणि यामाहात ‘पॉवर ॲम्प असाइन’ या नावाखाली बाय-ॲम्पचा पर्याय मिळतो. ते निवडलं नाही तर त्या टर्मिनलवर मागच्या स्पीकरचा आवाज येतो किंवा काहीच येत नाही, आणि ट्वीटर मुका बसतो. वायरीबद्दल लोक फार डोकं खातात. १० मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घ्या, जाऊन-येऊन वायरीचा अडथळा ओहमचा सातवा भाग होतो, त्याच्यापुढे पैसे घालू नका.

कोणी ‘दोन्ही चॅनेल ब्रिज करा’, म्हणजे दोन चॅनेलच्या मध्ये एकच स्पीकर जोडा, म्हणालं तर ते वेगळं प्रकरण आहे, आणि घरगुती रिसीव्हर सहसा त्यासाठी बनवलेलेच नसतात. ब्रिजमध्ये ८ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला ४ ओहमसारखा जड वाटतो. ज्या ॲम्प्लिफायरच्या पाठीवर ‘ब्रिज’ असं छापलेलं नाही, त्याला ते करायचं नाही.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीकडे.

संवाद कळत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत सेंटर स्पीकर टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, आत ढकलून ठेवलाय, आणि त्याच्या पुढे सेट टॉप बॉक्सचा रिमोट आणि एक गणपती. गणपती हलवा म्हणत नाही, स्पीकर हलवा. प्लायवूडच्या कप्प्यात आत गेलेला स्पीकर त्या खोक्यातच बोलतो. आवाज फळीच्या कडेवर आपटून बाहेर येतो आणि ‘प’ कुठला, ‘ब’ कुठला ते कळत नाही. तो इतका पुढे ओढा की त्याचं तोंड फळीच्या कडेशी आलं पाहिजे, किंबहुना बोटभर बाहेर. कप्पा गुडघ्याच्या उंचीवर आहे, म्हणजे ट्वीटर तुमच्या पोटऱ्यांना संवाद ऐकवतोय. पुढच्या बाजूला दाराखाली सारतात ती रबरी पाचर घाला, तोंड वर करून कानाकडे रोखा. मला विचाराल तर या दहा रुपयांच्या पाचरीने जेवढी घरं सुधारली तेवढी कुठल्या महाग वायरीने सुधारलेली बघितली नाहीत. त्यानंतर मेन्यूत सेंटरची लेव्हल दोन डेसिबल वाढवा. जास्त नको, नाहीतर सगळा सिनेमा मधून बोलायला लागतो.

मग खोली. सोफ्याजवळ उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. तुमच्या हॉलला खाली गुळगुळीत फरशी, वर स्लॅब, समोरासमोर उघड्या भिंती. टाळीनंतर ‘टर्रर्र’ असा शेपटीसारखा आवाज ऐकू येईल. तीच शेपटी प्रत्येक शब्दाला लागते. टॉवर आणि सोफा यांच्या मधल्या फरशीवर जाड सतरंजी पसरा. आणि सोलापुरात राहून चादर मिळत नाही अशी सबब चालणार नाही: बाजूच्या भिंतीवर दुहेरी घडीची चादर, भिंतीला चिकटवून नव्हे तर चार इंच सोडून, पडद्यासारख्या चुण्या घालून टांगा. मध्ये अंतर सोडलं की ती साधारण ८५० हर्ट्झच्या आसपासपासून वरचा आवाज चांगला धरते, भिंतीला चिकटली तर फक्त अगदी वरचा. आपल्याकडच्या नक्षीच्या चादरी दिसायलाही वाईट नाहीत, घरातली मंडळी सहसा आडवी येत नाहीत. बेस मात्र चादरीला जुमानत नाही. तुमच्या १२ फुटांच्या बाजूला साधारण ४७ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, त्यावर उपाय म्हणजे सबवूफर कोपऱ्यातून फूट-दोन फूट हलवून बघणे. ते कान लावून करायचं काम आहे, फोनवर सांगता येत नाही.

दुसरी तक्रार, मारामारीत फाटणं. मेन्यूत टॉवर ‘लार्ज’ वर असणार, मी पैज लावतो. लोकांना वाटतं एवढे उंच स्पीकर, त्यांना ‘स्मॉल’ म्हणणं म्हणजे अपमान. ‘स्मॉल’ चा अर्थ एवढाच की ठरावीक मर्यादेखालचा बेस यांना देऊ नका, सबवूफरला द्या. आवाज तेवढाच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, तर वूफरच्या कोनाला चौपट हलावं लागतं. ८० हर्ट्झचं काम ४० वर आणलं की चौपट, २० वर आणलं की सोळापट. सगळी मेहनत तिथे जाते, कोनाची आणि ॲम्प्लिफायरचीही. सगळे स्पीकर ‘स्मॉल’ करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा. तुमच्या सबवूफरच्या पोटात त्याचा स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे. म्हणजे तुम्ही जे बाय-ॲम्प मागताय ते घरात आधीपासूनच आहे, आणि तेही खरं: बेस ॲम्प्लिफायरच्या आधीच वेगळा होतो, टॉवरच्या चॅनेलला ते व्होल्ट उचलावेच लागत नाहीत. टॉवर ‘लार्ज’ ठेवून तुम्ही ते अर्धवट बंद करून ठेवलंय.

तरीही फाटत असेल तर रिसीव्हरला हात लावून बघा. युनिटच्या बंद कप्प्यात, काचेच्या दारामागे आहे ना? मे महिन्यात सोलापूर ४३ अंशाला टेकतं, त्यात क्लास एबीचं हीटसिंक. वरच्या जाळीवर तळहात पाच सेकंदही टिकत नसेल तर रिसीव्हर गुदमरतोय. उन्हाळ्यात माझ्याकडे ‘मध्येच आपोआप बंद पडतो’ म्हणून येणाऱ्या रिसीव्हरमध्ये कित्येकदा काहीच बिघाड नसतो, घरी जाऊन दार काढून ठेवा म्हणून परत पाठवतो. वर निदान चार इंच मोकळी जागा, मागची फळी कापलेली, आणि रिसीव्हरच्या डोक्यावर सेट टॉप बॉक्स नको.

तर आतापर्यंतचं एवढं धरा: सेंटर पुढे आणि वर, सतरंजी-चादर, टॉवर ‘स्मॉल’ ८० हर्ट्झवर, रिसीव्हरला हवा. हे सगळं एका रविवारी होतं. मग तोच सिनेमा, तोच प्रसंग, तोच आवाज लावून बघा.

ॲक्टिव्ह बाय-ॲम्प नावाची गोष्ट तुम्ही इंटरनेटवर वाचली असेलच, तिच्याबद्दल थोडं, कारण नावाच्या सारखेपणाने घोटाळा होतो. त्यात स्पीकरमधला क्रॉसओव्हर काढून टाकतात, ॲम्प्लिफायरच्या आधी इलेक्ट्रॉनिक क्रॉसओव्हर किंवा डीएसपी (तेच काम डिजिटल पद्धतीने करणारी चिप) लावतात, आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा ॲम्प्लिफायर. लिंकविट्झ आणि रायली या दोघांनी १९७६ मध्ये मांडलेला क्रॉसओव्हर आजही बहुतेक ठिकाणी त्यासाठी वापरतात. तिथे बेसचा चॅनेल फाटला तरी ट्वीटर स्वच्छ राहतो, ट्वीटरला २० वॅटही पुरतात. तिथे जादा चॅनेलचं चीज होतं. मी स्वतःच्या घरी तसंच केलंय, आणि एकदा डीएसपीमध्ये चॅनेलची अदलाबदल होऊन ट्वीटरला अख्खा बेस गेला, एक ट्वीटर फुकटात गेला. तेव्हापासून ट्वीटरच्या वायरीत एक कपॅसिटर राखणदार म्हणून ठेवतो. पण विकत घेतलेल्या चांगल्या टॉवरचं पोट फाडून हे करू नका. वॉरंटी जाते, आणि मोजणीचा माइक नसेल तर कंपनीने जुळवलेला सूर तुम्हाला परत जुळवता येणार नाही.

राहिले ते दोन रिकामे चॅनेल. रिसीव्हर ॲटमॉस, म्हणजे वरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार, वाजवत असेल तर समोरच्या भिंतीवर, छताजवळ दोन छोटे स्पीकर लावा, तोंड सोफ्याकडे. स्लॅबमध्ये भोकं पाडायची गरज नाही. किंवा झोन २, म्हणजे दुसऱ्या जागेसाठी वेगळा आवाज, करून गॅलरीत दोन स्पीकर नेऊन ठेवा, सकाळी चहाबरोबर अभंग ऐकायला. फक्त आधी पुस्तिकेत बघा, स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एचडीएमआयने आलेला आवाज झोन २ ला जात नाही. तुमच्या सौभाग्यवतींना विचारलंत तर त्या बहुतेक गॅलरीच म्हणतील.

जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरला या साखळीत घ्यायचं तर रिसीव्हरच्या पाठीला फ्रंटचे ‘प्री-आउट’, म्हणजे दुसऱ्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे जॅक, लागतात. नुसतं सबवूफरचं प्री-आउट असेल तर विषय तिथेच संपला, त्याला गॅलरीतच पाठवा. प्री-आउट असतील तर टॉवर पूर्णच्या पूर्ण त्याच्यावर द्या, अर्धे-अर्धे नको. अर्धे केलेत तर दोघांची वाढ सारखी करावी लागेल, नाहीतर वूफर एका जोरात आणि ट्वीटर दुसऱ्या. ती सारखी कशी करायची ते सांगून ठेवतो, कारण तुम्ही ऐकणार नाही असं मला वाटतंय. स्पीकर काढून ठेवा, मोबाइलवरून ६० हर्ट्झचा सूर लावा, रिसीव्हरच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग जुन्या ॲम्प्लिफायरचा आवाज तेवढेच व्होल्ट येईपर्यंत फिरवा. आता मीटरची एक पिन रिसीव्हरच्या लालला आणि दुसरी जुन्याच्या लालला. आकडा शून्याजवळ आला तर दोघे एका सुरात आहेत. दुप्पट आला तर एक जण उलटा वाजवतोय, त्याच्या स्पीकर वायरीची अदलाबदल करा. ही युक्ती साध्या, एक टोक ग्राउंडला असलेल्या ॲम्प्लिफायरला चालते, क्लास डीच्या ब्रिज बोर्डला नाही. जुळलं की बटणाच्या कडेला नेलपॉलिशचा ठिपका द्या, कारण घरातलं कोणीतरी धूळ पुसताना ते फिरवणारच.

आणि पट्ट्या काढल्यात तर त्या टेबलाच्या खणात टाकू नका. प्लास्टिकच्या पुडीत घालून स्पीकरच्याच पाठीला चिकटपट्टीने लावून ठेवा. हरवल्याच, तर त्याच २.५ च्या वायरीचे चार बोटभर तुकडे सोलून लावले तरी चालतात.